गीतकार : पारंपरिक

बारामती,
११ एप्रिल २०२४

ती. आक्कास,

नागेशचा नमस्कार. परवा पाडवा झाला. श्रीखंड आणलं होतं, पण योगिनीनं मला वाटीभरच दिलं, साखर वाढलीय म्हणून. तिचे गुडघे दुखतात. अविराजला पुण्यात नोकरी लागली, कंपनीची बस घ्यायला येते. बाकी सगळे खुशाल. तुझी खुशाली तू कळवणार नाहीस हे ठाऊक आहे. फोन वाजतो आणि तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

उजनीचं पाणी यंदा फारच खाली गेलंय म्हणे. जुनं देऊळ पायथ्यापासून उघडं पडलंय, पुण्यामुंबईचे लोक गाड्या करून फोटो काढायला येतात, असं ऐकलं. तुला त्या गर्दीचा त्रास होत असेल.

आता मुद्द्याचं लिहितो. मला फार संताप आलाय आणि तो कुणाजवळ काढावा ते कळत नाही.

गेल्या महिन्यात माळेगावच्या बाजूला एका मंगल कार्यालयात आमच्या बँजो पार्टीची सुपारी होती. आता आम्हाला फक्त नवरदेवाच्या परण्याच्या मिरवणुकीपुरतं बोलावतात, बाकीचं सगळं डीजे करतो. तर नवरीची एंट्री होती. लाइट घालवले, धूर सोडला आणि स्पीकरवर गाणं लागलं. माझं गाणं! 'पाणी उतरू दे'! पण कसं? मयताला निघाल्यासारखं. ढोलकी नाही, बँजो नाही, नुसती गिटार टुणुक टुणुक. सुरुवातीला कुणी म्हातारी गुणगुणते, मागं वारा वाजतोय, रेकॉर्डिंग एकदम खराब. मग एक पोरगी सुरू होते. शब्दसुद्धा बदललेले. आणि मांडवातल्या बायका डोळे पुसतायत! ज्या गाण्यावर या तालुक्यात पंचवीस वर्षं वराती नाचल्या, त्या गाण्यावर रडतायत.

मी नवरदेवाच्या चुलत्याला, दादासाहेबांना, म्हटलं, "हे गाणं माझं आहे बरं का." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी जेवायचं कूपन मागतोय. म्हणाले, "काका, त्ये अंथुर्ण्याच्या पोरीचं गाणं हाय. चौदा लाख लोकांनी बघितलंय." आणि मोबाईल काढून दाखवला. खाली लिहिलंय : गायिका, प्रतिक्षा. गीतकार : पारंपरिक.

आक्का, पारंपरिक! मी समोर उभा आहे, माझ्या गळ्यात बँजो आहे, आणि मी पारंपरिक झालो! पारंपरिक म्हणजे ज्याचा बाप सापडत नाही ते गाणं. मी दादासाहेबांना म्हटलं, जिवंत माणसाला पारंपरिक करायला काही कायदा आहे का नाही? ते म्हणाले, "काका, तुमी आधी परण्याचं वाजवा."

नव्व्याण्णव साली हे गाणं काय होतं ते मी तुला सांगायला नको. इंदापूरच्या स्टँडवरून निघणारी एक टमटम या गाण्याशिवाय सुटत नव्हती. गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यापुढं ट्रॅक्टरची रांग लागायची आणि दहातल्या आठ ट्रॅक्टरवर हेच. भिगवणच्या बाजारात डुप्लिकेट कॅसेटी निघाल्या, त्यावर माझा फोटोसुद्धा दुसऱ्याचाच होता. तरी मला वाईट वाटलं नव्हतं. नाव माझंच होतं. शेवटच्या कडव्यात 'नागेश म्हणे' असं मी नाव गुंफलं होतं, आपल्याकडं गाणं करणारा करतो तसं. या पोरीनं ते कडवंच उडवलं. आयत्या बिळात नागोबा म्हणतात ते हेच. मी हे घरात म्हटलं तर योगिनी म्हणाली, "नागोबा कोण ते आधी बघा." बायकोला विनोद सुचायला वेळ लागत नाही.

तर मी अविराजकडून त्या व्हिडिओवाल्या कंपनीकडं तक्रार करवली. कंपनीनं तिसऱ्या दिवशी तिचं गाणं काढून टाकलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आता त्या पोरीनं उलट कळवलंय की हे गाणं कॅसेटच्या आधीपासून गावात म्हटलं जात होतं. चोराच्या उलट्या बोंबा! कंपनी म्हणते, तसं नसेल तर पुरावा द्या. कॅसेटचं कव्हर पाठवलं. म्हणतात, यावरून तुम्ही गाणं छापलं एवढंच कळतं, केलं हे कळत नाही. गावातल्या जुन्या माणसाचं लेखी आणा.

गावात आता कोण उरलंय? जोतीरामतात्या गेले. आबा जाऊन वीस वर्षं झाली. तूच आहेस.

म्हणून तुला एवढंच मागतो. एका कागदावर दोन ओळी लिहून सही कर : 'हे गाणं माझा भाऊ नागेश यानं केलं. कॅसेटच्या आधी ते पळसदेवमध्ये कुणी म्हणत नव्हतं.' बास. सोबत पाकीट ठेवलंय, पत्ता लिहून, तिकीट लावून. तुला काही करायला नको.

आपल्यात जे झालं ते झालं. एवढ्या तेवढ्या गोष्टीवरून पंचवीस वर्षं बोलायचं नाही म्हणजे जरा जास्तच आहे, पण ते राहू दे. मुदत महिनाअखेरची आहे.

तुझा भाऊ,
नागेश

(गीतकार म्हणून तू मला कधी मानलं नाहीस, भाऊ म्हणून तरी सही कर.)



बारामती,
२८ एप्रिल २०२४

आक्का,

पाकीट आलं नाही. येणार नाही हे मला माहीत होतं, तरी रोज पोस्टमनला विचारत होतो. तो आता मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

गेल्या रविवारी मी अंथुर्ण्याला जाऊन आलो. भवानीनगर ओलांडेपर्यंत रस्त्यात तोंडपाठ करत होतो की त्या पोरीला काय काय सुनवायचं. घर सापडलं. ओट्यावर तिची आई शेंगा फोडत बसली होती. मी नाव सांगितलं तशी ती उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "या मामा. मी पळसदेवचीच. तुमी मला वळखायचा न्हाय, मी तवा ल्हान होते."

आता गावची लेक मामा म्हणून पाणी देते म्हटल्यावर भांडण कुठून सुरू करायचं? तरी केलं. प्रतिक्षा आतून आली. विशीतली पोरगी, हातात पुस्तक. मी म्हटलं, माझं गाणं घेतलंस ते घेतलंस, वर मला पारंपरिक लिहिलंस?

ती घाबरली नाही. म्हणाली, "मी तुमचं गाणं घेतलंच न्हाय. मी गोजरआजीचं घेतलं."

"कोण गोजरआजी?" मी विचारलं.

आक्का, हा प्रश्न मी विचारला. तुझं नाव मी परक्यासारखं विचारलं. तिची आई माझ्याकडं बघतच राहिली.

पोरगी म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात आजोळी गेले व्हते. आजी रोज खाली गाळात जायच्या, हातात हळदकुंकवाचा करंडा. एकदा मी मागं गेले. त्या बसून म्हणत व्हत्या. मी इचारलं, म्हणू का मी? त्या म्हणल्या, म्हण. मी फोनवर रेकॉर्ड केलं, त्येच सुरवातीला लावलंय."

"मग नाव का नाही टाकलंस तिचं?"

"त्याच म्हणल्या, नाव नगं. मी म्हणलं, आजी, खाली काय तरी लिवावं लागतं. त्या म्हणल्या, कुणाचंच न्हाय म्हणून लिव. मग मी पारंपरिक लिहिलं."

म्हणजे तू! मी इकडं कंपनीशी भांडतोय, अविराजचं डोकं खातोय, लग्नाच्या मांडवात लोकांना धरून धरून सांगतोय, आणि मला पारंपरिक करणारी कोण, तर माझीच बहीण. मला इतका राग आला की पाणी तसंच ठेवून उठलो. का असं केलंस? तुझं म्हणायचं तर तुझं म्हणायचं होतंस. चारचौघांत मला चोर म्हणायचं होतंस. मी उत्तर दिलं असतं. कुणाचंच नाही म्हटलंस, आता मी भांडू कुणाशी?

निघताना तिच्या आईनं दारात एक वाक्य म्हटलं. हळूच म्हणाली, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. "मामा, माझं लगीन व्हायचं हुतं तवा गावातली पोरं गोजरमावशीला बघून त्ये गाणं म्हणायची. मावशीनं घाटावर यायचं सोडलं. सोनबादाजी कवाड लावून घ्यायचं."

आठवडा झाला, हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून आता सगळं लिहितो. मागच्या पत्रात लिहिलं होतं की कुणी म्हातारी गुणगुणते. ती तू आहेस हे मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं. मंगल कार्यालयात लाइट गेलेले, धूर सोडलेला, आणि तुझा आवाज. माझ्या हातातली बँजो छेडायची पट्टी खाली पडली होती. तुझा आवाज मी दहा हजार बायकांत ओळखीन. ओळखला, आणि तरी तक्रार केली. ओळखला म्हणूनच केली असंही म्हण.

स्टुडिओतलं तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंस एकदाच, तेही उभ्याउभ्या.

तो पुण्यातला एका गल्लीतला स्टुडिओ होता. तेव्हा एका दिवसात आख्खी कॅसेट व्हायची. दोन बाजू, आठ गाणी, सकाळी दहाला आत, रात्री बाहेर. माझ्याकडं सातच होती. आठवं करतो करतो म्हणत गेलो होतो आणि ऐन वेळी काही सुचेना. कॅसेटवाला माणूस घड्याळ बघत होता. बँजोवर माझी बोटं आपोआप फिरायला लागली आणि तुझी चाल आली. तू धुणं धुताना, भाकरी थापताना म्हणायचीस ती. मी म्हणून दाखवली.

पाणी उतरू दे, माये, मग येते मी
देवळाचा कळस दिसू दे, वाट दिसू दे
पाणी उतरू दे, माये, मग येते मी

तो माणूस म्हणाला, "चाल झकास आहे. पण आईचं गाणं वरातीत कोण वाजवणार? राया करा." मला वाटतं मी एक चहा प्यायलो तेवढाच वेळ विचार केला. 'माये'च्या जागी 'राया' बसलं. दुसऱ्या कडव्यात तू हळदकुंकू पदरात बांधून ठेवतेस, तिथं मी मोगऱ्याचा गजरा घातला. लय चौपट केली. शेवटी 'नागेश म्हणे' जोडलं. अर्ध्या तासात गाणं तयार. गाणारी बाई म्हणाली, हेच चालणार बघा. माझी स्वतःची सात गाणी होती, आक्का, रात्र रात्र जागून केलेली. त्यातल्या एकाचंही नाव आज कुणाला सांगता येणार नाही. योगिनीलासुद्धा.

गावात तुझी चाल सगळ्यांनी ऐकलेली होती, शब्द कुणी नीट ऐकले नव्हते. तू तोंडातल्या तोंडात म्हणायचीस. मग कॅसेट आली आणि लोकांना शब्द मिळाले. लग्न झालेली बाई पाण्याकडं तोंड करून वर्षानुवर्षं 'राया, मग येते मी' म्हणतेय. लोकांनी काय समजायचं? दाजींनी काय समजायचं? मला हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलंही होतं थोडं. पण तेव्हा मला जत्रेतून बोलावणी येत होती, अंगात सिल्कचा झब्बा होता.

तू बारामतीला माझ्या खोलीवर आलीस. चार माणसं बसली होती. तू दारातूनच विचारलंस, "आईला राया केलास व्हय रं?" आणि परत फिरलीस. मी त्या माणसांना सांगितलं, बहीण आहे, जरा रागीट आहे.

त्या वर्षी भाऊबीजेला आलो तर दार बंद. पाठवलेली साडी परत आली. मी समजलो, हिला माझं नाव झालेलं बघवत नाही.

पण मलाही काही म्हणायचं आहे. मी ते गाणं उचललं नसतं तर ते तिथंच घाटावर संपलं असतं. कुणी ऐकलं असतं? या पोरीला तरी तुझ्या मागं गाळातून चालत यायची बुद्धी कशानं झाली? तिनं लहानपणापासून माझंच गाणं ऐकलेलं होतं. मग अर्धं तरी माझं म्हणशील का नाही? चाल तुझी, ठेका माझा. एवढं लिहून दे. मुदत वाढवून घेतलीय, पंधरा मेपर्यंत.

प्रतिक्षानं तुझं पूर्ण रेकॉर्डिंग माझ्या फोनवर पाठवलंय. म्हणाली, "मामा, शेवटचं कडवं आजींनी घालू दिलं न्हाय. तुमी ऐका." मी अजून ऐकलेलं नाही. बँजो दुरुस्तीला टाकलाय, कामं आहेत.

नागेश



बारामती,
१६ मे २०२४

आक्का,

काल मुदत संपली.

शुक्रवारी अक्षय तृतीया होती. योगिनीनं आईच्या नावानं घास ठेवला. दर वर्षी ठेवते. दर वर्षी विचारते, सासूबाईंना काय आवडायचं? दर वर्षी मी म्हणतो, आमरस कर. मला माहीत नाही ना. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा. घरात तिचा फोटो नाही, आवाज कसा होता माहीत नाही. मला आई म्हणून जे आठवतं ते तुझ्या खांद्याचं हाड आहे. माझी हनुवटी त्यावर टेकायची आणि टोचायची.

दुपारी सगळे झोपले तेव्हा मी ते रेकॉर्डिंग लावलं.

मागच्या पत्रात मी अजून एक लपवलं. तिसरं कडवं आहे हे मला माहीत नव्हतं असं वाटावं, असं लिहिलं. माहीत होतं. स्टुडिओत त्या माणसानं विचारलं, आणखी कडवी आहेत का? मी म्हटलं, नाहीत. का, तर त्यात माझं नाव होतं. चोवीस वर्षांचा गडी, कॅसेटवर फोटो येणार, आणि गाण्यात मी शेंबडा नागू होऊन बहिणीच्या कडेवर? मला लाज वाटली. ते कडवं काढलं आणि त्या जागी 'नागेश म्हणे' घातलं.

म्हणजे बघ. त्या पोरीनं माझं नाव काढलं म्हणून मी दोन महिने बोंब मारतोय. या गाण्यात माझं नाव तू घातलं होतंस. ते काढलं मी.

तू फोनवर ते कडवं सावकाश म्हटलंयस. मध्ये खोकला आलाय, मग परत पहिल्यापासून.

कडेवर हाय नागू, त्याला येत न्हाय पवाया
त्याला काठाला ठेवून कशी येऊ भेटाया
पाणी उतरू दे, माये, मग येते मी

पोरपणी हे मी शेकडो वेळा ऐकलं असेल. चोवीसाव्या वर्षी ऐकलं तेव्हा त्यात मला फक्त माझं नाव दिसलं. आता एकोणपन्नासाव्या वर्षी बाकीचे शब्द ऐकले.

तू बारा-तेरा वर्षांची होतीस. आई गेली, मळ्यात लिंबाखाली तिच्या समाधीचा चौथरा बांधला, आणि वर्षाच्या आत धरणाचं पाणी आलं. आबा दिवसभर नव्या गावठाणात घर उभं करायला. तू मला कडेवर घेऊन काठाला बसायचीस. एवढं गावातल्या बायकांनी मला पुढं सांगितलं होतं. मला वाटायचं, आक्काला पाणी आवडतं.

आक्का, तू त्या पाण्यात जाणार होतीस ना? आईकडं. 'मग येते मी' हे तू तिला नुसतं कळवत नव्हतीस, आज नको म्हणून रोज समजूत घालत होतीस. आणि का नको, तर कडेवर मी. मला काठाला ठेवून जाता येत नव्हतं, म्हणून तू राहिलीस. ते गाणं म्हणत म्हणत तू मला मोठं केलंस, शाळेत घातलंस, माझ्या हातात पहिला बँजो तुझ्या लग्नाआधी तूच आबांच्या मागं लागून दिलास. त्याच बँजोवर मी ते गाणं वरातीचं केलं.

मला जास्त लिहिता येत नाही. गीतकार म्हणवतो आणि इथं शब्द सापडत नाहीत. ऐकून झाल्यावर मी इतक्या मोठ्यानं रडलो की योगिनी उठून आली. तिला वाटलं, अविराजला काही झालं.

तक्रार मागं घेतली. अविराजनं तीन वेळा विचारलं, पप्पा नक्की का? फॉर्मवर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, गाणं माझं नाही. गाणं परत दिसायला लागलंय. खाली अजून पारंपरिकच आहे. प्रतिक्षाला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "मामा, आजींनी शेवटचं कडवं का घालू दिलं न्हाय माहितीय? म्हणल्या, त्यात नागूचं नाव हाय, लोक त्याला इचारतील, इतके दिवस तुझं म्हणून कसं मिरवलंस." इतकं होऊनही तू मला झाकत होतीस. मी तुझ्याकडून खोट्या कागदावर सही मागत होतो, आणि त्याच्या वर्षभर आधीच तू माझी बाजू सांभाळून ठेवली होतीस. याचा मला राग येतो, आक्का. खरंच येतो. एकदा तरी शिव्या घालायच्या होत्यास.

मंगळवारी मी पळसदेवला आलो होतो. तुझ्या घरापर्यंत आलो नाही. हिंमत झाली नाही. दाजींच्या दहाव्याला मागं बसून तुला न भेटता गेलो होतो, तसाच या वेळीही वरच्या रस्त्यानं खाली उतरलो. नारळ घेतला होता, हळदकुंकू घेतलं होतं. देवळापाशी ही गर्दी. पोरं खांबांना टेकून सेल्फी काढतायत. त्यांना ओलांडून मी जुन्या शिवाराकडं गेलो. भेगाळलेला गाळ, शंख-शिंपले, मेलेली झाडं. लिंबाचं खोड असेल असं वाटलं होतं. चार-पाच खोडं होती. चौथरेही सात-आठ सापडले, सगळे सारखे, गाळानं माखलेले, कुणावर नाव नाही. मी दोन तास त्या उन्हात या दगडाकडून त्या दगडाकडं फिरलो. एकदा वाटलं हा. मग वाटलं तो. एका म्हाताऱ्या मच्छीमारानं विचारलं, "कुणाचं शोधताय?" मी म्हटलं, आईचं. तो म्हणाला, "कंचं हाय म्हाईत न्हाय?" मी नाही म्हटलं. त्यानं पाण्याची बाटली दिली आणि तो निघून गेला.

कुठल्या दगडावर ठेवायचं ते कळेना, म्हणून हळदकुंकू परत आणलं. नारळ तसाच घरात आहे. योगिनी म्हणते फोडा. मी फोडू देत नाही.

आता मला कागद नको. सही नको. माफ कर असंही मी म्हणणार नाही, ते तू करायचं तेव्हा कर, नाहीतर राहू दे. तुझं नाव गाण्याखाली टाकायचं का पारंपरिकच ठेवायचं, ते तू प्रतिक्षाला सांग. मी मध्ये येणार नाही.

एकच काम आहे आणि ते तुझ्याशिवाय या जगात कुणाला जमणार नाही. आईची जागा फक्त तुला ठाऊक आहे. पाऊस लागला की ती परत बुडेल आणि पुढच्या वर्षी आपल्यापैकी कोण असेल कोण नसेल. मी येत्या रविवारी सकाळी देवळाच्या मागं येऊन थांबतो. बोलू नकोस. पुढं चाल, मी मागनं येतो. कुठला दगड ते नुसतं बोटानं दाखव आणि हवं तर निघून जा.

तू आली नाहीस तरी मी संध्याकाळपर्यंत थांबेन. मला अजूनही पोहता येत नाही, आक्का.

तुझ्या कडेवरचा,
नागू